उंदीर कायम!

बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी मंडळाकडे तीन गोष्टी हमखास असतात: एक लोखंडी कपाट, त्या कपाटाची हरवलेली किल्ली आणि एक बोधचिन्ह. पहिल्या दोन गोष्टींवाचून मंडळाचं काही अडत नाही. बोधचिन्हही लेटरहेडच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं गपगुमान बसलेलं असतं, तोवर कोणाला त्रास देत नाही. तेवढ्या आकारात सगळीच बोधचिन्हं थोर दिसतात. पुढे एखाद्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतो, "यंदा गणपतीत मोठा फ्लेक्स लावू या, दहा फुटी." टाळ्या पडतात, ठराव मंजूर होतो आणि कार्यकारिणीच्या लहरीपुऱ्याला फेऱ्या सुरू होतात.

लहरीपुरा दरवाजा म्हणजे जुन्या बडोद्याची पश्चिमेची वेस. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि चौघांच्या मधोमध मांडवी. दरवाज्याला लागून मंगळबाजार. तिथे बांगडीपासून बॅगेपर्यंत सगळं मिळतं आणि धक्का फुकट मिळतो. जवळच न्यायमंदिर. १८९६ सालची ही देखणी इमारत रॉबर्ट चिझमने बांधली ती बाजार म्हणून. भरलं तिथे कोर्ट. २०१८ साली कोर्टही तिथून हललं, नाव मात्र न्यायमंदिरच राहिलं. काढलं एक आणि झालं दुसरंच, ही या भागाची परंपरा आहे. ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

याच भागातल्या एका गल्लीत, फ्लेक्स, लग्नपत्रिका, रबरी शिक्के, ट्रॉफ्या आणि गाडीच्या काचेवर लावायची रेडियमची अक्षरं असं सगळं एका छपराखाली करणारं एक दुकान आहे. दुकान मालकाचं, पण चालवतो कॉम्प्युटरवरचा मुलगा. आमच्या मंडळाचं शिष्टमंडळ तिथे पोहोचलं. अध्यक्षांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा डीपी, तेच बोधचिन्ह. मुलाने एक नजर टाकली.

"काका, आ तो व्हॉट्सॲपनो फोटो छे. कोरलनी फाइल आपो ने."

"दीकरा, मोबाइलमां तो एकदम चोख्खुं देखाय छे!" अध्यक्ष म्हणाले. बडोद्यात तीन पिढ्या काढलेला मराठी माणूस दुकानात गुजराती बोलतो, घरी मराठी बोलतो आणि वाद घालताना दोन्हीची खिचडी करतो. अध्यक्ष अजून पहिल्या पायरीवर होते.

मुलाने वाद घातला नाही. त्याने चित्र पडद्यावर घेतलं आणि मोठं करत गेला. आमचा गणपती आधी धूसर झाला, मग पायऱ्यापायऱ्यांचा झाला आणि शेवटी नुसते रंगीत चौकोन उरले. गणपतीच्या डाव्या डोळ्याच्या वाट्याला एकूण चार चौकोन आले होते आणि त्यातला एक नारिंगी होता.

हिशेब सरळ आहे. व्हॉट्सॲपचा डीपी ६४० ठिपके रुंद. नीट छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे हे चित्र दोन इंचांहून किंचित मोठं छापता येतं. फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने त्याला कमी ठिपके पुरतात हे खरं, पण कमी म्हणजे किती? दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. भागिले ६४०. एकेक ठिपका पावणेपाच मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बोधचिन्हाची ऐपत दोन इंचांची आणि ठराव दहा फुटांचा. मराठी संस्थांच्या इतिहासात हे प्रमाण नवीन नाही, पण इतक्या उघडपणे पडद्यावर कधी दिसलं नव्हतं.

ज्याने लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची व्हेनिशियन मोझेकची जमीन पाहिली आहे, त्याला बिटमॅप, म्हणजे असं ठिपक्यांचं चित्र, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तुकडे मोजकेच, दुरून नक्षी, जवळून तुकडे. चित्राचा दुसरा प्रकार व्हेक्टर. त्यात तुकडे नसतातच, हुकूम असतात. इथून नीघ, एवढा वळ, तिथे थांब, आत शेंदरी भर. हुकूम दोन इंचांवर पाळा नाहीतर दहा फुटांवर, रेघ तेवढीच सुबक येते. इंटरनेटवर या हुकुमांची लेखी पद्धत म्हणजे एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ साली ती प्रमाण म्हणून मान्य केली. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आमच्या चिटणीसांनी एकदा उघडली. आत आकड्यांच्या रांगा आणि मधूनमधून एम, सी, झेड. एम म्हणजे पेन उचलून इथे ठेव, सी म्हणजे वळण घे, झेड म्हणजे निघालास तिथे परत येऊन मिळ. चिटणीस म्हणाले, "आपल्या सभांचं इतिवृत्त याहून वेगळं नसतं."

यातली वळणं बेझियेच्या नावाने ओळखली जातात. पिएर बेझिये हा फ्रान्समधल्या रेनो कंपनीतला इंजिनिअर. मोटारीचे बाक गणिताने मांडायचे म्हणून त्याने ती १९६०च्या दशकात वापरली आणि जगापुढे मांडली. खरं म्हणजे सित्रोएन या दुसऱ्या मोटार कंपनीत पॉल द कास्तेलजोने १९५९ सालीच तेच गणित करून ठेवलं होतं. पण कंपनीने ते गुपित ठेवलं. काम दोघांनी केलं, अहवाल एकानेच वाचला, नाव अहवाल वाचणाऱ्याचं झालं. कास्तेलजो आमच्या मंडळात असता तर त्याला याचं काहीच वाटलं नसतं.

तर दुकानातल्या मुलाने दोन मार्ग सांगितले. एक, तो स्वतः बोधचिन्ह कोरलड्रॉ या व्हेक्टरच्या प्रोग्राममध्ये रेघ रेघ करून पुन्हा काढेल, त्याचे वेगळे पैसे. दोन, ऑनलाइन वेबसाइटवर टाकून बघा, फुकट होतं. 'फुकट' हा शब्द उच्चारल्यावर पहिला मार्ग कोणता होता हे आमचे खजिनदार विसरले.

खजिनदारांचा पहिला प्रयोग घरच्या घरीच झाला. त्यांनी फाइलच्या नावातलं 'जेपीजी' खोडून तिथे 'एसव्हीजी' लिहिलं. त्यांचं म्हणणं, "बँकेत नावातला बदल चालतो, इथे का नाही?" दुसरा प्रयोग एका वेबसाइटवर. फाइल चढवली, चक्र फिरलं, एसव्हीजी उतरली. सगळे खूश. मुलाने उघडली तर आत तोच जुना फोटो जसाच्या तसा गुंडाळून ठेवलेला. एसव्हीजीच्या पाकिटात बिटमॅप ठेवायची सोय नियमातच आहे. काही वेबसाइटी तेवढंच करतात आणि रूपांतर झाल्याचं जाहीर करतात. पाकीट नवं, आत जुनीच नोट, तीही फाटकी.

पुढची वेबसाइट मात्र प्रामाणिक निघाली, आणि तिथेच खरी पंचाईत झाली.

प्रामाणिक वेबसाइटी ज्या रीतीने काम करतात, तिचा एक नामांकित नमुना म्हणजे पीटर सेलिंगर या गणितज्ञाने २००१ साली काढलेला पोट्रेस हा मोफत प्रोग्राम. इंकस्केप या व्हेक्टर काढायच्या प्रोग्राममध्येही तोच बसवलेला आहे. पोट्रेसला चित्र काळं-पांढरं करून द्यायचं. काळं संपून पांढरं सुरू होतं त्या सीमेवरून तो चालतो, आधी सरळ रेघांचा बहुभुज बनवतो आणि मग कुठे कोपरा ठेवायचा, कुठे बाक द्यायचा हे गणिताने ठरवतो. शिवाय एक सोय अशी की ठराविक मापाहून बारीक ठिपके तो कचरा समजून टाकून देतो. स्कॅन केलेल्या कागदावर धुळीचे कण येतात, त्यांच्यासाठी ही सोय. सोय उत्तम आहे. फक्त ती करताना देवनागरी कोणाच्या ध्यानात नव्हती.

आमच्या बोधचिन्हाभोवती गोलाकार मंडळाचं नाव आहे. वेबसाइटवरचा साफसफाईचा दांडा जरा पुढे सरकवला आणि त्या नावावरचे सगळे अनुस्वार धूळ म्हणून झाडले गेले. मंडळाचं 'मडळ' झालं. 'आनंद' होता त्याचा 'आनद' झाला. दांडा मागे घेतला तर अनुस्वार परत आले, पण एकटे नाही. जेपीजीची सगळी घाण घेऊन आले आणि नावावर गोवर उठला. जेपीजी ही पद्धत १९९२ची. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातला डोळ्याला सहसा न दिसणारा तपशील गाळते. फोटोत हे खपून जातं. पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की मात्र अक्षराभोवती करड्या ठिपक्यांची गर्दी उरते. आमच्या बोधचिन्हाचे वर्षानुवर्षं स्क्रीनशॉट निघाले होते, ते कापले गेले होते, पुन्हा पाठवले गेले होते. दर खेपेला थोडी गर्दी वाढली.

रंगाची दुसरी कथा. वेबसाइटने विचारलं, रंग किती? अध्यक्ष म्हणाले चार. चार दिल्यावर गणपती आणि मागचा उगवता सूर्य एकाच शेंदरी रंगात विरघळले. सोळा दिल्यावर सूर्य वेगळा झाला, पण पांढऱ्याचेच इतके प्रकार निघाले की साड्यांच्या दुकानातही मिळणार नाहीत. प्रत्येक पांढरटाचा वेगळा तुकडा, प्रत्येक तुकड्याला वेगळी वाकडी कड.

शिरोरेषेने तर कहरच केला. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, तर यंत्र त्यांचे सुटे आकार बनवतं. आपला शब्द वरून एका दांडीला टांगलेला. यंत्राच्या लेखी अख्खा शब्द म्हणजे एकच वेडावाकडा आकार. त्यातलं एक अक्षर हलवता येत नाही, शुद्धलेखन सुधारता येत नाही. खरं तर अक्षरं अशी उकरून काढूच नयेत. कॉम्प्युटरवरचे फाँट मुळातच व्हेक्टर असतात. विंडोजसाठीचा 'मंगल' घडवताना र. कृ. जोशींसारख्या कवी-सुलेखनकाराने एकेका वळणावर डोकं चालवलेलं आहे. नाव पुन्हा टाइप करायला दोन मिनिटं लागतात. पण आमच्या खजिनदारांना वाटलं, टाइप केलं तर ते 'मूळ' राहणार नाही.

तीच फाइल मुलाने गंमत म्हणून रेडियम कापायच्या मशीनला लावली. हे बघण्यासारखं असतं. रेडियमचा पत्रा पुढेमागे सरकतो आणि बारीक पातं व्हेक्टरच्या रेघेवरून चालत जातं. नीट काढलेला 'ग' असला की पातं एका दमात गोल फिरून येतं. आमच्या फाइलवर ते दर अर्ध्या मिलिमीटरला अडखळत होतं. करकर, करकर, थांब, वळ, करकर. कापून झाल्यावर नको असलेलं रेडियम सुईने उपसायचं असतं. मुलाने सुई लावली, तर गणपतीच्या सोंडेबरोबर कान, सूर्य आणि मंडळाचं अर्धं नाव एकाच ओढीत निघून आलं. मागे कागदावर फक्त अनुस्वार उरले.

बडोद्याला चित्रं ठिपक्यांत फोडण्याची कला नवी नाही. राजा रविवर्म्याने महाराजा सयाजीरावांसाठी इथे चित्रं रंगवली, आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आपले देव-देवी घरोघरी पोहोचवले. त्या ओलिओग्राफसाठी कारागीर दगडावर हाताने ठिपके भरत, रंगागणिक दगड वेगळा. पण त्यांना ठाऊक असे की हा ठिपका लक्ष्मीच्या काठाचा आहे आणि तो कमळाचा. चित्र फोडतानाही चित्र डोक्यात शाबूत होतं. वेबसाइट उलट दिशेने ठिपके जोडायला निघते आणि तिला काठ माहीत नाही, कमळ माहीत नाही, लक्ष्मी तर नाहीच. तिला इतकंच कळतं की इथे गडद संपलं.

शेवटी मुलानेच तो प्रश्न विचारला. गणपतीच्या पायाशी उजव्या बाजूला एक करडा गोळा होता, त्यातून एक रेघ वर गेलेली.

"काका, नीचे आ शुं छे? उंदर छे के लाडु?"

दुकानात शांतता पसरली. अध्यक्ष म्हणाले, अर्थात उंदीर, ही बघ शेपटी. खजिनदार म्हणाले, मोदक, ही बघ वाफ. शिष्टमंडळातल्या एक वहिनी म्हणाल्या, माझ्या सासूबाई तिथे समई आहे असं सांगायच्या. गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे एकाच बोधचिन्हाखाली एकजुटीने बसत होतो आणि प्रत्येकाच्या गणपतीच्या पायाशी वेगळं काहीतरी होतं.

ठिपक्यांच्या चित्राचा हाच मोठा गुण. त्यात मोघमपणाला भरपूर जागा असते. करडा गोळा कोणाला उंदीर, कोणाला मोदक, संस्था चालते. व्हेक्टरला मोघम चालत नाही. रेघ इथून निघते की तिथून, शेपटी गोळ्याला जोडलेली आहे की सुटी, हे सांगावंच लागतं. आजवर आम्ही न ठरवलेली गोष्ट त्या फुकट वेबसाइटने ठरवून द्यावी, ही आमची अपेक्षा होती. घटनादुरुस्तीही आम्ही अशीच वकिलावर सोडली होती.

मग चावीवाल्याला बोलावून लोखंडी कपाट उघडलं. जुने अहवाल, एक फुटकी घंटा आणि कागदात गुंडाळलेला एक ठोकळा. लाकडावर ठोकलेला जस्ताचा लाइन ब्लॉक! पूर्वी छापखान्यात फोटोसाठी हाफटोन ब्लॉक करत, त्यात ठिपक्यांची जाळी असे. रेघांच्या चित्रासाठी लाइन ब्लॉक, त्यात असेल ती रेघ, नसेल ती नाही. आमच्या वाडवडिलांनी लाइन ब्लॉक केला होता. शिक्क्याच्या पॅडवर दाबून पांढऱ्या कागदावर ठसा घेतला. धारदार उतरला. गणपती, सूर्य, उघडं पुस्तक आणि पायाशी?

पायाशी दौत. दौतीत खोचलेला टाक. उंदराची शेपटी म्हणून आम्ही ज्याला मान देत होतो, तो टाक होता.

कारण जुन्या अहवालातच होतं. मंडळ सुरू झालं ते वाचनालय म्हणून. बडोदा संस्थानात तेव्हा वाचनालयांचं वारं होतं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी करायला घेतली होती. पुढे वाचनालय मागे पडलं, गणेशोत्सव पुढे आला आणि दौतीचा हळूहळू उंदीर झाला. बोधचिन्हाने कोणतीही तक्रार केली नाही.

तातडीची सभा भरली. सेव-उसळ झाली. फाइन आर्ट्सला शिकलेली एक मुलगी पोटतिडकीने म्हणाली, मूळ आकृतीशी प्रामाणिक राहा, दौत ठेवा. (बडोद्यात १९५० साली ललित कला विद्याशाखा निघाल्यापासून कुठल्याही सभेत फाइन आर्ट्सचं एक माणूस असतंच, आणि ते हरतंच.) ज्येष्ठांपैकी एक म्हणाले, आज दौत ठेवली तर उद्या लोक विचारतील तुमचं वाचनालय कुठाय. हा मुद्दा बिनतोड ठरला. दौतीवर उंदीर बसवावा अशी समन्वयाची सूचना आली, ती एका मताने पडली. अखेर ठराव असा झाला: मूळ आकृतीत दौत असल्याची नोंद घेण्यात येत आहे; तथापि सभासदांची भावना लक्षात घेता उंदीर कायम.

ठशाचा ६०० डीपीआयने स्कॅन घेतला. गंमत म्हणजे तो स्वच्छ काळा-पांढरा स्कॅन त्याच वेबसाइटवर टाकल्यावर गणपती, सूर्य आणि पुस्तक अगदी ठाकठीक आले. नाव मुलाने फाँटमध्ये टाइप केलं, अनुस्वारांसकट. उंदीर तेवढा त्याला हाताने काढावा लागला, कारण जगात कुठेच त्याची मूळ प्रत नव्हती. त्याने माउस धरला, आठ-दहा बिंदू टाकले, दोन बाक ओढले आणि दौतीच्या जागी उंदीर उभा राहिला. पैसे द्यायच्या वेळी खजिनदार म्हणाले, "पंधरा मिनिटांचंच तर काम!" मुलगा म्हणाला, "काका, नक्की करवामां तमने अठवाडियुं लाग्युं ने?"

फ्लेक्स लागला. सोंडेची वळणं लांबूनही गुळगुळीत दिसतात. उंदीर तर इतका स्पष्ट आहे की त्याच्या मिशा मोजता येतात.

तमाम मंडळं, पतपेढ्या, शाळा आणि ढोलपथकं यांना हात जोडून विनंती: बोधचिन्ह करून घ्याल तेव्हा चित्राबरोबर त्याची ओपन फाइल, म्हणजे व्हेक्टरची मूळ फाइल, मागून घ्या आणि ती दोन-तीन जणांकडे ठेवा. व्हॉट्सॲपवरून धाडायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून धाडा. जुना छापील कागद सापडला तर त्याचा मोबाइलने फोटो काढू नका, स्कॅन करा. अक्षरं ट्रेस करू नका, टाइप करा. फुकट वेबसाइट जरूर वापरा, रेघ स्वच्छ असेल तर ती झकास काम करते. पण तिच्याकडे जाण्याआधी आपल्या चित्रात काय काय आहे ते आपसात एकदा ठरवून घ्या. ते ठरत नसेल तर बोधचिन्ह दोन इंचांचंच ठेवावं. त्या आकारात सगळ्यांचंच म्हणणं खरं असतं.